फक्कीची वसाहत

लोखंडे मॅडम जागेवर गेल्या की आधी बसायच्या. आमच्या बांधकाम ऑफिसातले बाकीचे इंजिनिअर जागेवर गेले की उभे राहायचे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट लांब, 'हे रान कुणाचं?' असा एखादा प्रश्न. तेवढ्यात अर्जदाराचा माणूस शहाळी घेऊन यायचा आणि पाहणी संपायची. मॅडम लुनावरून उतरायच्या, पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढायच्या, रस्त्याच्या कडेला सावली बघून तो अंथरायच्या आणि खुशाल मांडी घालून बसायच्या. शेजारी छत्री, मांडीवर भडंगाचा पुडा. मग रस्त्याकडे बघत बघत त्या भडंग खात राहायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, बाईंची एसटी चुकलेली दिसते.

मी त्या ऑफिसात ट्रेसर होतो. म्हणजे साहेबलोकांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवणारा. नव्वदीची वर्षं होती. सांगली जिल्ह्यात जो तो रस्त्याकडेचं रान बिगरशेती करून प्लॉट पाडत होता. कुणाला मोठ्या रस्त्यालगत चार घरांची का होईना वसाहत काढायची असली, की तिचं फाटक कुठं उघडणार आणि त्यानं रहदारीचं काय होणार, यावर आमच्या ऑफिसचा अभिप्राय लागायचा. काम तसं दोन ओळींचं. 'हरकत नाही' लिहायला कुणालाच वेळ लागत नसे. मॅडमना लागायचा.

त्या साताऱ्याहून बदलून आल्या, पण त्यांची कीर्ती त्यांच्या आधीच येऊन बसली होती. साताऱ्यात म्हणे उताराच्या रस्त्यावर एका बिल्डरनं इमारत काढली होती आणि तिचं फाटक नेमकं उताराच्या तळाशी ठेवलं होतं. बिल्डर म्हणाला, "बाई, इथं सगळी सायकलवाली साधी माणसं राहणार. रहदारी कसली?" मॅडम म्हणाल्या, "बरं, मग एक सायकल मागवा." कॅरिअरला गॅसचा सिलिंडर बांधायला लावला, आणि बिल्डरलाच म्हणाल्या, "तुम्ही इथले पहिले रहिवासी. वरून या आणि आपल्या घरात वळा." बिल्डर घरात काही वळला नाही, समोरच्या रसवंतीत वळला. फाटक मागच्या बोळात गेलं. सिलिंडर भरलेला होता की रिकामा, असं मी एकदा मॅडमना विचारलं. "रिकामा हो," त्या म्हणाल्या, "भरलेला द्यायला मी काय त्याची सासू आहे?"

आमचे हेडक्लार्क त्यांना पाठीमागं 'नाटकवाली' म्हणायचे. ऑफिसातली ती पहिलीच बाई इंजिनिअर, त्यामुळं पुरुषमंडळींना सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं होतं, आणि अवघडलेला माणूस भोचक होतो. पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कनी डब्याच्या वेळी विचारलं, "मॅडम, तुम्ही दिवसभर रस्त्यावर, मग घरी स्वयंपाक कोण करतं?" मॅडमनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "ज्याला भूक लागते तो." त्यानंतर हेडक्लार्क डबा मुकाट्यानं खाऊ लागले.

माझी आणि त्यांची पहिली गाठ चिंचेवरून पडली. मी गिरवलेल्या एका नकाशात रस्त्याकडेला झाड दाखवलं होतं. मॅडमनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "जाधव, या चिंचेखाली कोण बसतं?" मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मी झाड काढलं." त्या म्हणाल्या, "मग अर्धंच काढलंत. चिंचेखाली कोण ना कोण बसतंच. माणसं बसतात तिथं एसटी थांबते. एसटी थांबते तिथं मागची गाडी तिला वळसा घालून पुढे जाते. आणि ती पुढे येते तिथंच तुम्ही फाटक काढलंय." मला राग आला होता, कारण फाटक मी काढलं नव्हतं, साहेबांनी काढलं होतं. पण त्या दिवसापासून नकाशात झाड काढताना माझा हात थोडा थबकायला लागला.

मॅडम मूळच्या पलूसजवळच्या एका खेड्यातल्या. टेबलाच्या काचेखाली दोन फोटो होते, एक बाबासाहेबांचा आणि दुसरा लष्करी ट्रकच्या बॉनेटला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या वडिलांचा. वडील सैन्यात ड्रायव्हर. सुट्टीवर आले की पोरांना बांधावर बसवून ताफ्याच्या गोष्टी सांगायचे. 'ताफा म्हंजे पुढची गाडी न्हवं,' ते म्हणायचे, 'ताफ्याचा वेग सगळ्यात मागच्या गाडीचा.' मॅडमनी हे वाक्य आयुष्यभर पुरवून वापरलं. कुठलाही रस्ता बघताना त्या आधी विचारायच्या, "इथं सगळ्यात सावकाश कोण चालतं?" हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता. आमचे साहेब वैतागायचे. "बाई, वाहनं मोजा आणि अभिप्राय द्या," एवढंच त्यांचं म्हणणं.

आता खरी गोष्ट सांगतो. विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. त्या भागातले बरेच लोक गलाईच्या धंद्यात. म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. त्यापायी माणसं देशभर पांगलेली, कोण कानपूरला, कोण मद्रासला, कोण पार आसामात. गावाकडं येणं दिवाळीला आणि जत्रेला. अशा काही जणांनी मिळून गावासमोर, पण मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, जमीन घेतली आणि छोटी बंगल्यांची वसाहत काढायचं ठरवलं. त्यांचे पुढारी हणमंतशेट. कानपूरला चांगला जम बसलेला माणूस, बोटात अंगठ्या, बोलणं मोकळं. रस्त्याला लागून असलेला, ओढ्याकडच्या कोपऱ्यावरचा सगळ्यात देखणा प्लॉट त्यांनी स्वतःला ठेवला होता आणि वसाहतीचं फाटक त्याच्याच शेजारी, थेट मोठ्या रस्त्यावर.

अर्ज श्रावणात आला. साहेबांच्या हुकमावरून आम्ही तिथं बसून वाहनं मोजली. रस्ता मोकळा. मधूनच एखादी एसटी, एखादा दूधवाला, बाकी शेळ्या. शेटनी पाठवलेला माणूस म्हणाला, "म्याडम, वसाहतीतनं तर गाड्याच निघायच्या न्हाईत. आमी समदे भाईर. घरात फकस्त म्हातारी माणसं ऱ्हानार."

मॅडमचा भडंगाचा हात थांबला. "फकस्त म्हातारी?" त्यांनी विचारलं.

"व्हय. शेटची आई, आन् अशाच दोन-चार म्हाताऱ्या. त्येंना कुठं गाडी चालवायची हाय?"

मॅडमनी अभिप्राय दिला नाही. साहेबांना जाऊन सांगितलं, "हा रस्ता सध्या सुट्टीवर आहे. कारखाने चालू होऊ देत, ऊस सुरू होऊ दे, मग बघते." साहेबांनी डोक्याला हात लावला. शेटनी दिवाळीच्या पाडव्याला भूमिपूजन धरलं होतं. कानपूरहून फोन आले, मग एका पुढाऱ्याचा फोन आला, मग त्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याचाही आला. मॅडम प्रत्येकाला तेच सांगायच्या, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणायच्या, "जाधव, चहा सांगा. माझा घसा रहदारीनं बसला."

दिवाळीत हणमंतशेट स्वतः ऑफिसात आले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण माणूस खुर्चीत बसला आणि पाडव्याचं नावच काढेना, आईबद्दल बोलायला लागला. वडील गेले तेव्हा ते कानपुरात होते, मातीला पोचले नव्हते. आई गावात गळक्या घरात एकटी. कानपूरला नेली तर महिन्यात परत आली, तिथली भाषा येत नाही आणि दारात म्हैस नाही. "बाई, तिला एकदा पक्क्या घरात बघायची हाय मला," ते म्हणाले. "संडास घरात, पानी नळाला. तिचं वय झालं. तुमी आडवलंसा, तर मी कवा बांधू आन् तिनं कवा ऱ्हावं?"

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "भाऊबीज होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना जागेवर घेऊन या. जी म्हातारी माणसं तिथं राहणार, त्या सगळ्यांना आणा. तोवर तुम्ही बांधलेलं नसलं तरी आपण राहून बघू."

त्या सकाळी मॅडमनी फक्कीचं पोतं मागवलं. फक्की म्हणजे मैदान आखायला वापरतात ती चुन्याची भुकटी. माझ्या नकाशावरून मी आणि आमच्या रस्तादुरुस्तीच्या मैलकुलींनी त्या मोकळ्या रानात सगळी वसाहत आखली. बंगले, त्यांचे दरवाजे, मधला रस्ता, फाटक. पांढऱ्या रेघांचं अख्खं गाव उभं राहिलं, म्हणजे आडवं पडलं. म्हाताऱ्या माणसांना एकेका चौकोनात नेऊन बसवलं. हणमंतशेटच्या आईला सगळे आक्का म्हणायचे. त्या आपल्या चौकोनात पदर सावरून बसल्या आणि लेकाला म्हणाल्या, "लय वारं हाय रं तुज्या बंगल्यात."

मॅडमनी मैलकुलींना लाल निशाणं देऊन दोन्ही बाजूंना दूरवर उभं केलं, स्वतः गळ्यात शिट्टी अडकवली आणि मला आक्कांच्या मागं मागं राहायला सांगितलं. "हात धरता येईल इतक्यावर राहा," असं दोनदा बजावलं. मग सगळ्यांना म्हणाल्या, "आता पोरं गेली. कानपूरची कानपूरला, मद्रासची मद्रासला. तुम्ही रोज जे करता ते करा."

शेट आणि त्यांचे भागीदार बाभळीखाली उभे राहून हसत होते. हसण्यासारखंच होतं ते. म्हातारी माणसं फक्कीच्या घरात बसून एकमेकांकडे बघत होती. थोडा वेळ गेला. एक म्हातारी उठली, "म्हशीला पानी दावायचं हाय," म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्या मागनं दुसरी. तिची जाऊ गावात होती, तिच्याकडे रोज मिसरी लावायला जायचं असायचं. एका आजोबांना पारावर जायचं होतं. आक्काही उठल्या. बघता बघता सगळी वसाहत रिकामी झाली आणि सगळी माणसं मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. म्हैस, जाऊ, पार, गिरणी, देऊळ, सगळं पलीकडे होतं. अलीकडे नुसते बंगले होते.

हसणं थांबलं होतं. वळणावरनं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा, टेपवर गाणं मोठ्यानं. आक्कांना कमी ऐकू यायचं. त्यांनी एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघायच्या आत पाऊल टाकलं. मॅडमची शिट्टी वाजली, निशाण वर गेलं, मी आक्कांचा दंड धरला आणि त्याच क्षणी बाभळीखालून धावत आलेल्या हणमंतशेटनी दुसरा दंड धरून त्यांना मागं ओढलं. ट्रॅक्टर थांबला, नाही असं नाही. पण आक्का जिथं पोचल्या असत्या, त्याच्या कितीतरी पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "ब्रेक दाबलाय हो! ऊस मागनं ढकलतोय, त्येला काय करू?"

शेटनी आईचा दंड अजून घट्ट धरला होता, अंगठ्या रुतेपर्यंत. मॅडम त्यांना काहीही बोलल्या नाहीत. दुसऱ्या कुणी ती संधी सोडली नसती.

आक्काच चिडल्या होत्या. "सोड रं हात! म्हस वराडाय लागली आसंल," म्हणून त्यांनी दोन्ही दंड सोडवून घेतले, पाठ फिरवली आणि फक्कीच्या रेघा तुडवत सरळ ओढ्याकडे निघाल्या. शेटच्या कोपऱ्यावरच्या प्लॉटमधून खाली उतरल्या. मी मागे धावलो. तिथं रस्त्याचा जुना पूल होता, दोन गाळ्यांचा. एका गाळ्यातून ओढ्याचं पाणी जायचं, दुसरा कोरडा. आक्का त्या कोरड्या गाळ्यात शिरल्या, बाभळीच्या काट्यातून पदर सोडवत पलीकडे निघाल्या आणि गावाच्या बाजूला वर येऊन उभ्या राहिल्या.

मॅडमनी रस्त्याच्या अलीकडून ओरडून विचारलं, "आक्का, मग आधी रस्त्यावर कशाला आलात?"

आक्कांनी कानाला हात लावला. प्रश्न पुन्हा ओरडून सांगावा लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "त्येच्या बंगल्याचं दार रस्त्याला हाय न्हवं? दार जिकडं, मानूस तिकडंच जानार! दार वड्याला आसतं तर वड्यानं आले आसते!"

मॅडम मटकन गोणपाटावर बसल्या आणि मोठ्यानं हसल्या. एवढ्या मोकळ्या हसताना मी त्यांना त्या एकाच दिवशी बघितलं. मग उठून फक्कीचं घमेलं घेतलं, रस्त्यावरच्या फाटकाची रेघ पायानं पुसली आणि हणमंतशेटपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "पायी चालणाऱ्यांचं दार ओढ्याला काढायचं," त्या म्हणाल्या. "पुलाखाली फरशी घालायची, काटे काढायचे, उतरायला हलक्या पायऱ्या. गाड्यांचं फाटक वळण सोडून, पार खालच्या टोकाला. पण ही वाट तुमच्या कोपऱ्यातून जाते. बंगला मागं न्यावा लागेल. रस्त्यावरून तो दिसणार नाही."

शेट त्या कोपऱ्याकडे बघत राहिले. "रस्त्यानं जाताना दिसाय पायजे हुता ओ," ते हळूच म्हणाले. "हणमानं आईला बंगला बांधला म्हनून."

"कुणाला दिसायला?" मॅडमनी विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, खरंच विचारत होत्या.

पलीकडे आक्का एका हातानं पदर धरून दुसऱ्या हातानं लेकाला घरी ये म्हणून खुणावत होत्या. शेटनी त्यांच्याकडे बघितलं आणि मॅडमच्या हातातलं घमेलं घेतलं. स्वतःच्या प्लॉटमधून ओढ्यापर्यंत फक्कीची वाट त्यांनी स्वतः ओढली, वाकडीतिकडी. ती रेघ मी नकाशात सरळ केली, तर मॅडम म्हणाल्या, "कशाला? पायवाट आहे ती."

अभिप्राय गेला, मंजुरी आली, पायाही खोदला गेला. पण वसाहत उभी राहायच्या आत मॅडमची कोयनानगरला बदली झाली. फाइल लांबवली म्हणून झाली की नेहमीचीच होती, देव जाणे. हेडक्लार्कनी निरोप समारंभात त्यांना नवी छत्री दिली आणि ते भाषण अर्ध्यावर सोडून खाली बसले. मॅडम म्हणाल्या, "घाटात बरं असतं. तिथं वळणावर गाडी भोंगा तरी वाजवते." पुढं एकदा भूकंपाचा धक्का बसल्याची बातमी आली म्हणून मी काळजीनं फोन केला, तर म्हणाल्या, "जाधव, इथं माणसं जागेवर आणि जमीनच रहदारी करते. मोजायची कशी ते कळवा." मला त्यांची फार आठवण यायची. ऑफिसात जागेवर जाऊन बसणारं कुणीच उरलं नव्हतं.

शेवटची भेट झाली ती दोन-तीन वर्षांनी, उन्हाळा लागता लागता. त्या माहेरी आईला बघायला आल्या होत्या. मला निरोप पाठवला, "येताय का? आपली वसाहत बघू." आम्ही दोघं एसटीनं गेलो. बंगले झाले होते. छान होते, रंगीत, गच्चीवर कठडे. आणि सगळ्यांना कुलपं. हणमंतशेटच्या मागं सरकलेल्या बंगल्यालाही कडी होती. मॅडमनी हाका मारल्या. कुणी ओ देईना. त्यांचा चेहरा उतरला. "गेल्या की काय हो आक्का?" एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही पायऱ्यांनी ओढ्यात उतरलो. पुलाच्या कोरड्या गाळ्यात फरशी घातलेली होती आणि त्या फरशीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून, सगळी वसाहत बसली होती. म्हाताऱ्या मिसरी लावत होत्या, आजोबा झोपले होते, गावातल्याही दोघी-तिघी आल्या होत्या. आत गारवा होता. डोक्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला की पूल दणाणायचा आणि त्या बोलणं तेवढ्यापुरतं थांबवून पुन्हा तिथूनच पुढं चालू करायच्या.

आक्कांनी छत्रीवरून ओळखलं. "ये पोरी, फक्कीवाली! बस."

"आक्का, बंगल्यात नाही का राहात?"

"निजायला जाती की. लेकानं येवडं बांधलंय. पन दिसभर तितं कुनासंगं बोलायचं, भिंतीसंगं? हितं गावच्या बी येत्यात, आमी बी येतो. निम्म्यात पडतंय."

मॅडम उभ्या राहून गाळ्याची रुंदी बघत होत्या. वाट बसलेल्यांच्या पायांनी निम्मी अडली होती. "चुकलंच माझं," त्या मला म्हणाल्या. "जाण्याची तालीम घेतली, बसण्याची घेतलीच नाही. एक कट्टा पाहिजे होता इथं." मला वाटलं, थोडं वाईट वाटलंय त्यांना. पण त्यांनी पिशवीतून तो जुना गोणपाट काढला, आक्कांच्या शेजारी अंथरला, बसल्या आणि भडंगाचा पुडा सोडून सगळ्यांच्या मध्ये ठेवला. आजोबा लगेच जागे झाले.

मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी बसते जरा." मी वर आलो. पुढं त्या बढतीवर लांब गेल्या आणि आमची भेट राहूनच गेली. एसटीत बसताना मी खाली वाकून बघितलं तेव्हा गाळ्याच्या तोंडाशी त्यांची मिटलेली छत्री टेकवलेली दिसली, आणि आतून हसण्याचा आवाज आला. एसटी सुटली आणि पुलावर चढली. मी नकळत दोन्ही पाय उचलून धरले होते. शेजारच्या पागोटेवाल्यानं वाकून बघितलं आणि विचारलं, "काय सांडलंय व्हय खाली?"

"न्हाई," मी म्हणालो, "खाली माणसं बसल्यात."